हर्षूच्या गळ्यातला आवाज

मिरजेच्या एसटी स्टँडवर ज्यांनी बावीस वर्षं लोकांना त्यांच्या गाड्या सांगितल्या, त्या सर्जेराव नलवड्यांना स्वतःची गाडी लागल्याचं मात्र कळलं नाही, असं त्यांच्या दिवसकार्याला त्यांचाच एक मित्र म्हणाला आणि मग जीभ चावून गप्प बसला. म्हणाला ते खोटं नव्हतं. सकाळची आरगची गाडी पुकारून झाली, बेडगची पुकारायला त्यांनी माइक तोंडाशी धरला आणि माणूस तिथंच टेबलावर कलंडला. माइक चालूच होता. स्टँडवरच्या लोकांना नुसती घरघर ऐकू आली, आणि स्पीकर पुन्हा बिघडला म्हणून त्यांनी एसटीला शिव्या घातल्या.

आवाज काय होता पण त्या माणसाचा! भरदार, जरासा खर्जातला, घाई नाही की आरडाओरडा नाही. जतला जाणारी म्हातारी चुकून कागवाडच्या गाडीत बसली तर सर्जेराव स्पीकरवरून तिला लुगड्याच्या रंगावरून हाक मारून उतरवायचे. ते गेल्यावर स्टँडवर यंत्र बोलायला लागलं. बाई बोलतेय की बाप्या, ते कळू नये असल्या आवाजात ते यंत्र सगळ्या गाड्या एकाच सुरात सांगतं. लोकांना त्याचीही सवय झाली. लोकांना कशाचीही होते.

मागे राहिली बायको वैजयंता, कॉलेजात जाणारी केतकी आणि नववीतला हर्षवर्धन, म्हणजे हर्षू. आणि राहिली ती दहाव्याची सल. कृष्णाघाटावर पिंड मांडले आणि कावळा काही शिवेना. समोरच्या लिंबावर बसून नुसता बघत होता. चुलतदीर हात जोडून म्हणाले, "दादा, केतकीचं लग्न आम्ही करू. हर्षूला शिकवू. वैनीला अंतर देणार नाही." कावळा मान वाकडी करून ऐकत राहिला. कुणीतरी पळत जाऊन भडंग आणलं, कारण सर्जेरावांचा भडंगावर फार जीव. चहाचा कप ठेवून झाला. शेवटी ऊन चढलं, गुरुजींची पुढची कामं खोळंबली आणि दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. खरा कावळा उडून पलीकडच्या काठाला गेला. वैजयंता घरी आली ती एकच प्रश्न घेऊन: ह्यांचं काय राहिलं होतं?

बारा वर्षं झाली त्याला. केतकी लग्न होऊन पुण्याला गेली. हर्षू पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला असताना बिघडला. आधी त्याचं बोलणं बिघडलं. "आई, पाणी दे," असं म्हणायला तोंड उघडायचा आणि म्हणायचा, "आई, पाणी, पाणी म्हणजे पूल, पुलावरनं बेडग, बेडगला कोण उतरणार..." आणि थांबायचा. कुठून निघालो होतो ते त्यालाच सापडायचं नाही. पुढं पुढं तर वाक्यच यायचं नाही, एखादा शब्द यायचा, तोही दहादा विचारल्यावर. दाराकडं तोंड करून दोन दोन तास उभा राहायचा. का उभा आहेस म्हटलं की एकच उत्तर, "बाबा म्हणालेत." सर्जेराव त्याच्या कानात बोलत होते. उभा राहा, हलू नकोस, लक्ष दे.

वैजयंतानं अंगारेधुपारे केले, मिरासाहेबांच्या दर्ग्यात चादर चढवली, गोळ्या तर चालूच होत्या. गोळ्यांनी हर्षू झोपायचा. जागा झाला की पुन्हा दाराकडं तोंड.

तर २०४३ साली गावातल्या एका मोठ्या दवाखान्यात कंठपट्टी आली. डॉक्टर शिरीन मुजावर तिथं वाचेचे आणि मनाचे आजार बघायच्या. चाळिशीची बाई, मिरजेतच वाढलेली, पायांत साध्या चपला आणि बोलणं रोखठोक. त्यांनी वैजयंताला समोर बसवून सगळं सांगितलं.

"आपण मनातल्या मनात बोलतो ना, तेव्हाही गळा हलतो. दिसत नाही इतका हलतो, पण हलतो. आणि त्याच वेळी मेंदू आपल्याच कानाला निरोप धाडतो, की आता येतंय ते आपलंच आहे, दचकू नको. आपणच आपल्याला गुदगुल्या केल्या तर हसू येत नाही, ते ह्याच निरोपामुळं. हर्षवर्धनचा हा निरोप पोचत नाही. शब्द त्याचेच, पण कानाला परके वाटतात. आणि परका आवाज म्हटला की तो कुणाचा तरी असावा लागतो. त्यानं तो वडिलांना देऊन टाकला."

"म्हणजे ह्यांचा आवाज नाहीच तो?" वैजयंतानं विचारलं.

"नाही. ते जे काही बोलतात ते हर्षवर्धनच बोलतो. एवढं एक गाठीला बांधून ठेवा."

कंठपट्टी म्हणजे बोटभर रुंदीचा मऊ पट्टा. तो गळ्याला लावायचा. गळ्यातली ती न दिसणारी हालचाल तो वाचायचा, तिच्यातून शब्द जुळवायचा आणि साबणाच्या वडीएवढ्या एका डबीतून ते शब्द मोठ्यानं ऐकवायचा. सुरुवातीला ऐकवायचा तो सर्जेरावांच्या आवाजात, कारण पोराला तसाच ऐकू येत होता. मग दर मंगळवारी दवाखान्यात जाऊन त्या आवाजात हर्षूचा स्वतःचा आवाज थोडा थोडा मिसळायचा. असं करत करत एक दिवस डबीतून नुसता हर्षूचा आवाज यायला हवा, आणि त्यानं दचकून म्हणायला हवं, अरे, हा तर मीच बोलतोय. एवढं झालं की बरीच पोरं सुधारतात, असं डॉक्टरांनी सांगितलं.

"एक पथ्य मात्र कडक," त्या म्हणाल्या. "डबी बोलायला लागली की तुम्ही उठून स्वयंपाकघरात जायचं. त्या आवाजाला उत्तर द्यायचं नाही. टाकी एकच आहे हो, आणि नळ दोन. एक त्याच्या तोंडाचा, दुसरा ह्या आवाजाचा. आजारानं टाकी आधीच अर्धी झालीय. जो नळ उघडा ठेवाल तिथनं सगळं जाईल, आणि दुसरा कोरडा पडेल."

"मी कशाला उत्तर द्यायला जातीय," वैजयंता म्हणाली. तेव्हा ती मनापासूनच म्हणाली.

आवाजाचा नमुना हवा होता. केतकीनं कधीतरी दिवाळीच्या गर्दीत स्टँडवर उभं राहून बापाचं पुकारणं मोबाइलवर घेतलं होतं, ते वैजयंतानं जपून ठेवलं होतं. डॉक्टरांनी ते घेतलं. हर्षूच्या गळ्याला पट्टा लावला. तो नेहमीसारखा भिंतीकडं बघत बसला होता, ओठ मिटलेले. डबी जराशी खरखरली.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे," सर्जेराव म्हणाले. "उभा राहा. फलाट सोडू नकोस."

वैजयंतानं खुर्चीचा हात घट्ट धरला. कुंकू पुसलं तेव्हा रडली नव्हती इतकी ती त्या दवाखान्यातल्या खुर्चीत रडली. डॉक्टर पाण्याचा ग्लास घेऊन बाजूला उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं, पोराच्या हालांनी आईला रडू आलं.

पहिले तीन मंगळवार सुरळीत गेले. डबी बोलायला लागली की वैजयंता उठायची, स्वयंपाकघरात जाऊन भांडी वाजवायची. भांडी वाजवली तरी कान कुठं बंद होतात? पण जायची. आणि हर्षूत खरंच फरक पडायला लागला. दाराशी उभं राहणं कमी झालं. एकदा त्यानं खिडकीतनं बघत विचारलं, "शेजारचं कुत्रं मेलं काय?" कुत्रं मरून चार वर्षं झाली होती, पण वाक्य पुरं होतं. वैजयंतानं पुण्याला फोन करून केतकीला ते तीनदा सांगितलं.

आवाजही बदलत होता. तिसऱ्या मंगळवारनंतर सर्जेराव पडसं झाल्यासारखे बोलायला लागले. त्यांच्या खर्जाखाली हर्षूचा बारीक, किनरा आवाज जाणवायचा. दोन माणसं एका तोंडानं बोलायली आहेत असं वाटायचं. आणखी एक मंगळवार गेला की हे ओळखू येणार नाहीत, हे वैजयंताला कळत होतं. पोर सुधारतंय ह्याचा आनंद करावा की ह्याचं दुःख, तिचं तिलाच कळेना.

अशात एका दुपारी ती पलंगाशेजारी लसूण सोलत बसली होती. डबी खरखरली. ती उठणार एवढ्यात डबी म्हणाली, "सातारकरीण, चहा झाला का?"

वैजयंताचं माहेर सातारचं. लग्न झाल्यापासून सर्जेराव तिला ह्याच नावानं हाक मारायचे, आणि हर्षू लहानपणापासून ते ऐकत आलेला. हे सगळं तिला ठाऊक होतं. डॉक्टरांनी गाठीला बांधायला सांगितलेलं तिनं सोडलेलं नव्हतं. पण बारा वर्षांत त्या नावानं तिला कुणी हाक मारली नव्हती. लोकांना ती हर्षूची आई होती, दवाखान्यात पेशंटची नातेवाईक होती. हातातली पाकळी ताटात पडली आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "अहो, टाकते की. साखर कमी घालू ना?"

"कमीच घाल," सर्जेराव म्हणाले.

त्याच वेळी हर्षूचे ओठ हलले. त्याच्या स्वतःच्या, गंजलेल्या आवाजात तो म्हणाला, "आई, काल... काल चहात साखर कमी पडली होती."

त्याच्या तोंडून कित्येक वर्षांत इतकं लांब, इतकं सरळ वाक्य आलं नव्हतं. घरातल्या कुठल्याही पोरानं आईकडं करावी तशी साधी तक्रार होती ती. वैजयंतानं त्याच्याकडं न बघता हात हलवला. "थांब जरा, राजा," ती म्हणाली आणि डबीच्या जवळ सरकून बसली.

चौथ्या मंगळवारी ती दवाखान्यात गेली नाही. डॉक्टरांना फोन करून सांगितलं, हर्षूला ताप आहे. पुढच्या मंगळवारी घरी पाहुणे आले, त्याच्या पुढच्या मंगळवारी तिचाच गुडघा धरला. एकदा खोटं बोललं की पुढची आपोआप सुचतात. डॉक्टरांनी विचारलं, बाकी कसं आहे? ती म्हणाली, बरं चाललंय. डॉक्टरांकडं शंभर पेशंट, आणि आईच सांगतेय म्हटल्यावर त्यांनी मानलं. आवाज जिथं होता तिथं थांबला, म्हणजे बराचसा सर्जेरावांचा.

घरात मग संसार सुरू झाला. सकाळी पट्टा लावायचा, डबी टीव्हीपाशी ठेवायची आणि कामं करता करता बोलत राहायचं. बोलायला काय कमी होतं? केतकीच्या सासूचे ताल, गल्लीतल्या गटारीचा घोळ, महागलेली जोंधळ्याची भाकरी. सर्जेराव ऐकून घ्यायचे, मध्येच "व्हय, व्हय" करायचे. बोलणं वापरल्यानं वाढतं, तसं तेही वाढलं. आधी दोन शब्द यायचे, मग वाक्यं, मग सर्जेराव चेष्टाही करायला लागले. मुख्य म्हणजे ते आता हर्षूवर ओरडत नव्हते. उभा राहा नाही, हलू नकोस नाही. वैजयंता स्वतःची समजूत घालायची, की बघा, माझ्यामुळं पोराचा जाच तरी थांबला.

एकदा तिनं परीक्षा घेतली. "नरसोबाच्या वाडीला गेलो होतो लग्नानंतर, तवा नावेत मला काय म्हणाला होतासा?"

डबी बराच वेळ नुसती खरखरत राहिली. हर्षूच्या जन्माच्या कितीतरी आधीची गोष्ट ती, ते कुठून सांगणार! शेवटी आवाज म्हणाला, "ध्यानात नाही गं."

"जित्तेपणी तरी तुमच्या कुठं काय ध्यानात राहायचं," ती म्हणाली आणि हसली. संशय घ्यायला आली होती ती स्वतःच वकिली करून मोकळी झाली.

हर्षू पलंगावर बसलेला असायचा. भुकेला झाला की ताटाकडं बघायचा. आधी तो "भाकरी" म्हणायचा, मग नुसतं "हं" म्हणायला लागला, मग तेही थांबलं आणि तो ताट हातानं पुढं सरकवायला लागला. हे एकदम झालं नाही. रोज एक चमचा कमी व्हावा तसं झालं, त्यामुळं जवळ बसणाऱ्या बाईला दिसलं नाही. किंवा दिसलं, पण तेव्हा डबीतून कुणीतरी बोलत होतं.

केतकी गणपतीला आली आणि दारातच उभी राहिली. आत आई हसून बोलत होती आणि बाप उत्तरं देत होता. तिनं आत डोकावलं. मग तिला पट्टा दिसला.

"आई, हे काय चालवलंयस तू?"

"बाबांशी बोलायलीय. ये की, तूही बोल. अहो, केतकी आलीय."

"पिल्लू, कधी आलीस?" डबी म्हणाली. केतकीनं कानांवर हात ठेवले. तिला रडू फुटलं, आणि त्या रडण्यात बापाच्या आवाजाची भूकही होती, नाही असं नाही. पण ती हर्षूपुढं जाऊन बसली. "हर्षू, ए हर्षू, ताई आलीय. बोल ना काहीतरी." हर्षूनं तिच्याकडं बघितलं. ओळख होती डोळ्यांत. गळ्याखाली बारीकसं काही थरथरलं आणि डबीतून सर्जेराव म्हणाले, "प्रवास नीट झाला का?"

"आई, ते बाबा नाहीत. तो हर्षू आहे. त्याचं सगळं बोलणं त्या डबीत चाललंय. तू मंगळवारी नेतेस का त्याला?"

"मला काय कळत नाही होय?" वैजयंता एकदम चिडली. "मला सगळं माहितीय. तो हर्षूच आहे. पण आवाज ह्यांचा आहे ना? तू पुण्याला नवऱ्याशी बोलतीस, पोरांशी बोलतीस. मी कुणाशी बोलू? ह्या भिंतीशी? सात वर्षं हे पोर माझ्याशी बोललं नाही, केतकी. सात वर्षं!"

"बोलायला लागलं होतं," केतकी म्हणाली. "तूच फोनवर सांगितलंस. कुत्र्याचं विचारलं म्हणून."

वैजयंतानं गौरीच्या नैवेद्याचं काढलं. जाताना केतकीनं शपथ घातली, पुढच्या मंगळवारी जायचंच. वैजयंतानं मान हलवली. मनात मात्र तिनं दुसराच दिवस धरला होता. सर्वपित्री जवळ आली होती, आणि बारा वर्षांचा प्रश्न विचारायला आता समोर माणूस होता. एवढं विचारते, मग दवाखान्यात जाते, मग काय करायचं ते करा, असं तिनं ठरवलं.

सर्वपित्रीला तिनं वड्या, खीर, भाजीभाकरी असं सगळं केलं, भडंगही ठेवलं. पान गच्चीच्या कठड्यावर नेऊन ठेवलं. कावळे आता मिरजेत फारसे राहिले नाहीत. ऊन डोक्यावर आलं, खिरीवर साय धरली, कुणी फिरकलं नाही. ती खाली आली. हर्षूच्या गळ्याला पट्टा होताच. पदर नीट करून ती डबीपुढं हात जोडून बसली, घाटावर बसतात तशी.

"अहो, एक विचारायचंय. त्या दिवशी घाटावर कावळा शिवला नाही. भाऊजींनी सगळं कबूल केलं, तरी शिवला नाही. काय राहिलं होतं तुमचं? सांगा. काय असंल ते करते मी."

डबी खरखरली आणि थांबली. पुन्हा खरखरली. बोलायचं आहे आणि वाट सापडत नाही, असं बराच वेळ चाललं.

"एकच राहिलंय," आवाज म्हणाला. "हर्षूशी बोल."

"बोलते की. रोज तर बोलते."

"माझ्याशी बोलतीस." आवाज चढला नव्हता, स्टँडवर पुकारताना असायचा तसाच शांत होता. "तो हितं बसलाय. कवापासनं बसलाय. त्याला काहीतरी विचार. त्याच्याकडं बघ तरी."

वैजयंतानं बघितलं. हर्षू तिच्याकडंच बघत होता, भिंतीकडं नाही. दाढी वाढलेली, गाल बसलेले. पट्ट्याच्या कडेखाली गळा सोलवटून लाल झाला होता, एके ठिकाणी खपली धरली होती. रोज सकाळी पट्टा तीच लावत होती, स्वतःच्या हातानं. तिला तो गळा दिसला नव्हता.

"आई गं," ती म्हणाली. तिचे हात जोडलेलेच होते. "बोलते. शब्द देते तुम्हाला. आजपासनं त्याच्याशी बोलते, दुसऱ्या कुणाशी बोलणार नाही. मला माफ करा."

"मग झालं," डबी म्हणाली, आणि बंद पडली.

पहिल्यांदा तिला बरंच वाटलं, हे सांगायलाच हवं. कावळा शिवल्यावर घाटावरची माणसं सुटकेचा श्वास टाकतात आणि उठून धोतरं झटकतात, तसं तिला झालं. तिनं घाईघाईनं पट्टा काढला, खपलीला हळद-तेल लावलं आणि हर्षूच्या पुढ्यात बसली.

"हर्षू, राजा, काय पाहिजे तुला? भूक लागलीय? खीर आणू? बोल, मी ऐकायलीय. आता मी ऐकायलीय रे."

हर्षू तिच्याकडं बघत होता. बघता बघता त्याची नजर तिच्यावरून निसटली आणि भिंतीवर जाऊन थांबली.

दवाखान्यात डॉक्टर मुजावरांनी दुसरी पट्टी लावून बघितली, मग मोठं यंत्र लावलं. पडद्यावर एक रेघ आली. ती सरळच होती. त्यांनी हर्षूला चित्रं दाखवली, नाव घेऊन हाक मारली, टाळी वाजवली. टाळीला डोळे मिटले त्यानं. रेघ हलली नाही.

"पट्टी बिघडली असंल," वैजयंता म्हणाली.

"पट्टी चांगली आहे. गळाच हलत नाहीये. तो मनातल्या मनातही बोलत नाही आता."

"मग विचार कसा करत असंल?"

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "शब्दांवाचून जेवढा करता येतो तेवढा. भूक कळेल, ऊब कळेल, तुम्ही कळाल. उद्या, काल, मला काय होतंय, असल्या गोष्टी शब्दांशिवाय मनात फार वेळ धरता येत नाहीत. किती धरता येतं त्याला, हे मला सांगता येणार नाही. माझ्याकडं मोजायला काही उरलेलं नाही."

डबीतलं सगळं बोलणं साठलेलं होतं. डॉक्टरांनी ते ऐकलं होतं, चहाच्या पहिल्या उत्तरापासून सर्वपित्रीपर्यंत. त्या ओरडल्या असत्या तर वैजयंताला सोपं गेलं असतं. त्या ओरडल्या नाहीत. "मी घरी यायला हवं होतं," एवढंच म्हणाल्या. "फोनवर विश्वास ठेवला मी."

"डॉक्टर, ते शेवटचं बोलणं... ते कोण बोललं?"

"खोलीत तिसरं कोण होतं, वैजयंताताई?"

"पण तो म्हणाला, मग झालं. म्हणजे काय झालं?"

"कोरड्या पडत चाललेल्या टाकीतलं होतं नव्हतं ते त्यानं त्या वाक्याला लावलं. तुम्ही ज्या आवाजाचं ऐकत होतात, त्याच आवाजातून त्यानं सांगून बघितलं."

"परत येईल?"

"मी तुम्हाला हो म्हणणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. मग त्यांनी वैजयंताच्या हातावर हात ठेवला आणि दोघी त्या सरळ रेघेकडं बघत बसल्या.

दिलेला शब्द वैजयंता पाळते. तिच्याइतका शब्द पाळणारी बाई मिरजेत सापडायची नाही. सकाळी उठल्यापासून ती हर्षूशी बोलते. केतकीच्या सासूचं सांगते, गटारीचं सांगते. नरसोबाच्या वाडीला नावेत ह्यांनी तिला काय म्हटलं होतं, तेही एकदा सांगून झालं, जे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. संध्याकाळी त्याला स्टँडवर नेते. यंत्र गाड्या पुकारत असतं. हर्षू बाकावर बसतो, उभा राहत नाही. त्याच्या कानात आता कुणीच काही सांगत नाही.

आणि रोज दुपारी ती चहा करते. स्वतःच्या कपात साखर घालते, हर्षूच्या कपात मुद्दाम घालत नाही, चिमूटभरसुद्धा नाही. कप त्याच्या हातात देते आणि समोर बसून त्याच्या ओठांकडं बघत राहते.

"काय रे, बरोबर आहे का साखर?" ती विचारते.

हर्षू फुंकर मारतो आणि सगळा चहा पिऊन टाकतो.